न्हाणीतला बाप्तिस्मा

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 64 वर्षांच्या. माहेर सावंतवाडीकडचं, लग्नानंतरचं सगळं आयुष्य कोल्हापुरात. कॅथलिक. पती काही वर्षांपूर्वी वारले. एकुलत्या मुलीनं कोल्हापुरातल्याच मराठा घरातल्या मुलाशी विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न केलं, चर्चमध्ये विधी झाला नाही. नातू आठ महिन्यांचा आहे. मुलगी नोकरीला जाते, त्यामुळे सकाळी बाळाला न्हाऊ-माखू घालणं आजीकडे. बाळाचं बारसं थाटात झालं, जावळ जोतिबाच्या डोंगरावर काढलं. बाप्तिस्म्याचा विषय निघाला की मुलगी म्हणते, "मोठा झाला की त्याचं तो ठरवेल." जावई गप्प बसतात. विहीणबाई म्हणतात, "आमच्या घरात धर्म बदलायचा विषय नको." पावसाळ्यात बाळाला न्यूमोनिया झाला, चार दिवस दवाखान्यात होतं. तेव्हापासून आजींची झोप उडाली आहे. त्या लिहितात: "गरज पडली तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. रोज सकाळी तांब्या माझ्याच हातात असतो. कुणाला न सांगता तीनदा पाणी घालून मी ते शब्द म्हटले, तर कुणाचं काय बिघडणार आहे? मुलांना आपल्या धर्मात वाढवीन असा शब्द मुलीनं लग्नाआधी मला दिला होता. तिनं तो मोडला. मग मीच का थांबू?" शेवटी ता.क. आहे: "मी त्याची गॉडमदर होऊ शकते का?" (गॉडमदर म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी धर्ममाता.)

मावशी,

उद्या सकाळी पुन्हा तांब्या तुमच्याच हातात असणार, म्हणून छोटं उत्तर आधी सांगून टाकते. नातवाला न्हाऊ घाला, तेल लावा, धुरी द्या. ते शब्द मात्र म्हणू नका. निदान हे उत्तर पुरतं वाचून, एकदा फादरना भेटून येईपर्यंत तरी नको.

मी कॅथलिक नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं. श्रद्धेच्या गोष्टी तुम्हाला मी शिकवाव्यात असं काही नाही. पण तुमच्या चर्चचे नियम छापील आहेत, ते कुणालाही वाचता येतात. तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की ज्याला तुम्ही घाबरताय ते आता तसं राहिलेलं नाही, आणि ज्या नियमाच्या भरवशावर तुम्ही तांब्या उचलणार आहात, तो तुम्हाला अर्धाच ठाऊक आहे.

आधी भीतीबद्दल. न्यूमोनियाचे चार दिवस तुम्ही दोन ओळींत उरकलेत, पण सगळं पत्र त्या चार दिवसांतूनच आलंय. आत बाळ, बाहेर बाकड्यावर तुम्ही, आणि डोक्यात एकच गोष्ट: हा असाच गेला तर कुठं जाईल? तुमच्या पिढीला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं जायचं की बाप्तिस्मा न झालेलं बाळ स्वर्गात जात नाही, लिंबोमध्ये राहतं. तिथं त्रास काही नाही, पण देवाचं दर्शनही नाही. कितीतरी बायकांनी ही भीती पोटात ठेवून बाळंतपणं काढली असतील.

मावशी, लिंबो हा मानलाच पाहिजे असा सिद्धांत चर्चनं कधी घालून दिलेला नव्हता. धर्मपंडितांनी मांडलेलं आणि शतकानुशतकं शिकवलं गेलेलं ते एक मत होतं. 1992 साली कॅथलिक चर्चचा नवा धर्मशिक्षणग्रंथ निघाला, त्यात लिंबोचा उल्लेखही नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेच्या हवाली करतं, असं तिथं लिहिलंय. अशा बाळांसाठी अंत्यविधीच्या वेगळ्या प्रार्थनाही आहेत. पुढं 2007 साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानं, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीनं, नेमक्या याच विषयावर एक मोठा लेख प्रसिद्ध केला. ही बाळं तरतील अशी आशा धरायला सबळ कारणं आहेत, असा त्याचा निष्कर्ष. याची खात्री देता येत नाही, आशा धरता येते, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. आणि ही आशा आहे म्हणून बाप्तिस्मा लांबवत बसा असं कुणी समजू नये, हेही त्यातच आहे. म्हणजे तुमची बाप्तिस्म्याची ओढ चर्चच्या लेखी चुकीची नाहीच. पण रात्री दोन वाजता उठून बसण्याइतकी ती भीती बाळगायला तुमचं चर्च आज तुम्हाला सांगत नाही.

आता "कुणीही देऊ शकतं" याबद्दल. खरं आहे. निकडीच्या वेळी फादर मिळत नसतील तर नर्स देऊ शकते, शेजारीण देऊ शकते. स्वतःचा बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा देऊ शकते, चर्चला जे करायचं असतं तेच करायचा तिचा हेतू असला म्हणजे झालं. पण हे झालं निकडीच्या वेळचं. एरवीसाठी 1983 च्या चर्चच्या कायदेसंहितेत दोन अटी आहेत. आई किंवा वडील, दोघांपैकी निदान एकाची संमती हवी. आणि बाळ कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी. ती आशा अजिबातच नसेल तर बाप्तिस्मा पुढं ढकलायचा आणि तो का ढकलला हे आईवडिलांना सांगायचं, असं फादरनाच बजावलेलं आहे. फादरना जे करायची मुभा नाही, ते आजीनं न्हाणीत करायचं का?

जीव धोक्यात असेल तर मात्र आईवडिलांच्या मनाविरुद्धही बाळाला बाप्तिस्मा देता येतो, असं त्याच संहितेत आहे. हे मी लपवत नाही, कारण तुम्हाला ते माहीत असणार आणि मनात तुम्ही त्यावरच बोट ठेवलं असणार. पण बाळ आता ठणठणीत आहे. रांगत जाऊन कपाटाचं दार उघडतं, भांडी बाहेर काढतं, असं तुम्हीच लिहिलंय. न्यूमोनियाचे दिवस सरले, मावशी. त्या बाकड्यावरून उठायला हवं.

"कुणाचं काय बिघडणार आहे?" या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं. योग्य हेतूनं पाणी घातलं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं शब्द म्हटले, तर तो बाप्तिस्मा चर्चच्या दृष्टीनं लागू होतो. एकदा झाला की पुसता येत नाही, पुन्हा देताही येत नाही. म्हणजे तुमचा नातू कॅथलिक ठरेल, आणि हे त्याला ठाऊक नसेल, त्याच्या आईला ठाऊक नसेल, चर्चच्या नोंदवहीत नसेल. ठाऊक असेल फक्त तुम्हाला. तुमच्या माघारी ते कुणालाच ठाऊक नसेल. पहिल्या कम्युनियनला (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या विधीला), चर्चमधल्या लग्नाला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, तो कुठून आणणार? आणि समजा सोळाव्या वर्षी तो स्वतःहून चर्चकडे वळला, तर मोठेपणी स्वतःच्या तोंडानं "हो" म्हणून घ्यायचा बाप्तिस्मा त्याच्या वाटेतून तुम्ही आधीच काढून घेतलेला असेल. बिघडेल ते असं.

(हे वाचणाऱ्यांपैकी कुणी असं पाणी आधीच घातलं असेल तर घाबरून जाऊ नये, पण ते पोटातही ठेवू नये. बाळाच्या आईवडिलांना सांगा, मग पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, फादरना. कोणते शब्द म्हटले, पाणी खरंच कपाळावरून वाहिलं का, तेव्हा कोण होतं, हे ते विचारतील. झालेला बाप्तिस्मा ते पुन्हा देणार नाहीत. शंकाच राहिली तर "झाला नसेल तर" अशा अटीवर विधी करण्याची सोय आहे. आणि नोंद करतील. ओशाळं वाटेल, पण बाळाला लग्नाच्या वेळी कळण्यापेक्षा हे बरं.)

मुलीनं दिलेल्या शब्दाचं काय? पत्रात हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय. तो शब्द कधी दिला गेला, हे जरा आठवून पाहा. लग्न ठरवताना घरात जो दंगा झाला, त्यात तुम्ही जेवण सोडलं होतं असं तुम्हीच लिहिलंय. आई जेवत नाही आणि नवरा दारात उभा आहे, अशा वेळी मुलगी काय वाट्टेल तो शब्द देते. दुसरं म्हणजे, या शब्दाची जावयांना खबर होती का? पत्रात कुठं दिसत नाही, म्हणून विचारते.

चर्चमध्ये आंतरधर्मीय लग्न होतं तेव्हा कॅथलिक बाजूला खरंच असं वचन द्यावं लागतं: मुलांना बाप्तिस्मा मिळावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत, यासाठी आपल्या परीनं सगळं करीन. पूर्वी दुसऱ्या बाजूकडूनही लिहून घेत. तुमच्या ओळखीतल्या जुन्या जोडप्यांनी सह्या केल्या असतील. 1970 साली पोप पॉल सहावे यांनी दुसऱ्या बाजूवरची ती सक्ती काढली. आता तिच्याकडून वचन घेत नाहीत. पण कॅथलिक जोडीदारानं असं वचन दिलंय हे तिला लग्नाआधी सांगावंच लागतं, अशी अट आहे. हे वाचून मला तुमच्या चर्चचं कौतुक वाटलं. बाळाचा धर्म हा दोघांसमोर, उजेडात बोलायचा विषय आहे, अंधारात उरकायचा नाही, हे त्यांना कळलेलं आहे. तुमच्या मुलीचं लग्न रजिस्टर झालं, त्यामुळे चर्चला असं वचन तिनं दिलंच नाही. तिनं मोडलाय तो तुम्हाला दिलेला शब्द, आणि त्या शब्दातल्या अर्ध्या हिस्सेदाराला त्याचा पत्ता होता असं पत्रावरून दिसत नाही. त्याला "शब्द मोडला" म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण मुलीचं म्हणणंही मला जसंच्या तसं पटत नाही. हे तिच्यापर्यंत पोचणार असेल तर पोचू दे. "मोठा झाला की त्याचं तो ठरवेल" हे ऐकायला रास्त वाटतं. पण ठरवायचं म्हणजे समोर काहीतरी असावं लागतं. ज्या घरात येशूचं नाव आजीच्या खोलीबाहेर येत नाही, त्या घरातला मुलगा अठराव्या वर्षी ठरवणार तरी कशातून? आणि तोवर काहीच ठरलेलं नसतं असंही नाही. बाळाचं जावळ जोतिबावर निघालं, कपाळाला गुलाल लागला, चांगभलंचा गजर त्याच्या कानावर पडला. मला त्यात काही खटकत नाही, कोल्हापुरातल्या निम्म्या घरांत असंच होतं. फक्त "आम्ही बाळाला कुठल्याच धर्माचं केलेलं नाही" असं त्यानंतर म्हणू नये. कॅथलिक लोक इथं मातृभाषेचा दाखला देतात: बाळ मोठं होऊन भाषा निवडेल म्हणून त्याच्याशी बोलायचं कुणी थांबत नाही. दाखला चांगला आहे, पण एका जागी तोकडा पडतो. बोलायला शिकवताना आईवडिलांना कुणासमोर उभं राहून जबाबदारी स्वीकारावी लागत नाही. बाप्तिस्म्यात लागते.

कशी, ते तुम्ही लहानपणापासून पाहात आलात, पण जावयांनी आणि विहीणबाईंनी पाहिलेलं नसणार, आणि सगळी गाठ तिथंच आहे. म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. फादर चर्चच्या दाराशी आईवडिलांना विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत आणि त्याच्यासाठी काय मागताय? उत्तर आल्यावर लगेच सांगतात की बाप्तिस्मा मागताय म्हणजे त्याला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेताय, हे नीट कळलंय ना? मग बाळाच्या कपाळावर आधी फादर, नंतर आईवडील आणि गॉडफादर-गॉडमदर अंगठ्यानं क्रूसाची खूण करतात. पुढं सैतानाचा धिक्कार करता का, देवावर विश्वास ठेवता का, असे प्रश्न. त्यांची उत्तरं मोठ्यांनी द्यायची, कारण बाळ बोलत नाही. मग कपाळावर तीनदा पाणी, टाळूवर सुवासिक तेल, अंगावर पांढरं वस्त्र. ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून घरच्यांच्या हातात देतात. पाणी घालायला अर्धं मिनिट लागतं. बाकी सगळा वेळ मोठ्यांना विचारण्यात जातो. तुमच्या न्हाणीत ते अर्धं मिनिट होईल. विचारायला आणि उत्तर द्यायला तिथं कुणीच नसेल.

त्या विधीच्या प्रस्तावनेत जावयांच्या कामाची एक गोष्ट आहे. आईवडिलांपैकी एकजण कॅथलिक नसेल आणि त्याला श्रद्धेचे शब्द उच्चारता येत नसतील, तर तो तेवढ्यापुरता गप्प राहू शकतो. बाळाला त्या श्रद्धेचं शिक्षण मिळू देईन, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. तुमचे जावई असेही गप्पच असतात असं तुम्ही लिहिलंय, पण तो गप्पपणा वेगळा. त्यामागं काय आहे हे त्यांना कुणी विचारलंय का?

विहीणबाईंची भीती मला समजते. या गावात ख्रिस्ती म्हटलं की वायल्डर मेमोरियल चर्च डोळ्यांसमोर येतं, 1852 साली आलेले अमेरिकन मिशनरी आठवतात, आणि त्यामागोमाग धर्मांतराच्या ऐकीव गोष्टी. ते प्रॉटेस्टंट, तुम्ही कॅथलिक, हा फरक बाहेरच्या किती जणांना माहीत असतो? मुलं झेवियर्समध्ये आणि होली क्रॉसमध्ये शिकतात, फादर आणि सिस्टर घरोघरी ओळखीच्या असतात, तरी बाप्तिस्मा म्हटलं की लोकांना वाटतं आता बाळाचं नाव बदलणार, देव्हारा बंद, आणि पोरगं जोतिबाला पारखं झालं. नावाचं तर अगदीच सोपं आहे. संताचं नाव ठेवलंच पाहिजे असा नियम नाही, ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव नको, एवढंच. बारशाला ठेवलेलं मराठी नाव तसंच राहू शकतं. जोतिबाचा प्रश्न मात्र खरा आहे. कॅथलिक म्हणून वाढवायचं म्हटल्यावर डोंगरावर नारळ कुणाच्या हातून फुटणार, याचं उत्तर तुमच्या घरानं बसून काढावं लागेल. "दोन्ही करू, काय बिघडतं" असं म्हणून तो प्रश्न उडवून लावू नका. चर्च तसं मानत नाही, आणि विहीणबाईंना नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटेल. शाहू महाराजांनी 1919 साली संस्थानात आंतरजातीय लग्नांना कायद्याचा आधार दिला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण लग्नानंतर पाळण्यातल्या बाळाचं काय करायचं, याचं उत्तर कायद्यात सापडत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडं, कारण या सदराला अशी पत्रं इतर घरांतूनही येतात. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत होते, त्यानं महापालिकेचा जन्मदाखला बदलत नाही. विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न झालं असेल आणि नवरा-बायकोंपैकी निदान एकजण हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन नसेल, तर त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागतो. आईवडिलांच्या मालमत्तेतला बाळाचा वाटा बाप्तिस्म्यानं कमीजास्त होत नाही. आजोबांची जमीन, एकत्र कुटुंबातला हिस्सा, हे वकिलाकडे बसून समजून घ्या. जिथं घर अनुसूचित जातीचं आहे, तिथं मात्र फार विचारानं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईंचा जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. वडील हिंदू, आई ख्रिस्ती, आणि बाप्तिस्मा झालेला अगदी तान्हेपणी. पुढं त्या नियमित चर्चला जात, हेही न्यायालयानं पाहिलं. तुमच्या घराला हा प्रश्न नाही. ज्यांना आहे त्यांनी तो बाप्तिस्म्याच्या आधी बोलून घ्यावा. घरातलं कुणी चोरून पाणी घालायला तर तिथं अजिबातच जाऊ नये.

आता करायचं काय ते सांगते.

आधी फादरकडे एकट्या जा. रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावरच्या गर्दीत उभ्या-उभ्या नको, आठवड्यातला एखादा दिवस मागून घ्या. मनात आलेलं सगळं सांगा, तांब्यासकट. आणि विचारा: मुलीचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही, म्हणून बाळाचा बाप्तिस्मा अडेल का? पुष्कळ घरं केवळ "आम्हाला नाहीच म्हणतील" या समजुतीनं फादरच्या दारापर्यंत जात नाहीत. नियम एका पालकाची संमती आणि साधार आशा एवढंच मागतो. आईवडिलांच्या लग्नाची अट त्यात नाही. आशा कशी दिसावी याबद्दल 1980 साली व्हॅटिकननं दिलेल्या सूचनाही उदार आहेत. घरातल्या दुसऱ्या कुणी, गॉडपेरेंट्सनी हमी घेतली तरी ती धरता येते. म्हणजे आईवडिलांनी हो म्हटलं, तर बाळाला शिकवायला रोज हाताशी असलेली आजी हे तुमच्या बाजूचं मोठं बळ आहे. मुलीचं लग्न चर्चमध्ये झालं नाही यावर फादर बोट ठेवतील, ते लग्न चर्चमध्ये मान्य करून घेण्याचा मार्गही सांगतील. तो मुलीचा प्रश्न, तिच्यावर सोडा.

मग मुलगी. तिच्या सासरी, स्वयंपाकघरात, विहीणबाईंच्या कानावर पडेल असं नको. दोघी रंकाळ्यावर फिरायला जाता असं लिहिलंय, तिथंच बोला. आणि आजवर तुम्ही तिला "कधी?" एवढंच विचारत आलात. एकदा "का नको?" असं विचारा. तिचा विश्वास खरंच उरला नसेल. किंवा विश्वास असेल, पण घरात रोज उठून वाद नको असेल. किंवा तिच्या लग्नाच्या वेळी चर्चमधली, नात्यातली माणसं जे बोलली, ते तिच्या मनात अजून सलत असेल. तीन कारणांची तीन उत्तरं वेगळी आहेत. ती काय म्हणते हे ऐकल्याशिवाय तुमच्याकडे त्यातलं एकही नाही. शब्दाची आठवण काढू नका. जेवण तर अजिबात सोडू नका.

तांब्याचं तिला सांगायचं का? माझ्या मते सांगावं. "बाळाला न्हाऊ घालताना माझ्या मनात काय येतं ते तुला सांगते. मी ते करणार नाही, पण तुझ्यापासून लपवूनही ठेवणार नाही." ती चिडेल, कदाचित चार दिवस बाळाला पाळणाघरात ठेवेल. हा धोका आहे, आणि काही वाचक मला यावरून बोल लावतील. पण बाळ तुमच्या हवाली करून ती रोज कामावर जाते, आणि तिनं तुमच्यावर टाकलेला तेवढा भरवसा तुम्हाला पुढची कैक वर्षं लागणार आहे.

ती हो म्हणाली, तर जावयांशी तिनं बोलावं, विहीणबाईंशी जावयांनी. तुम्ही मध्ये पडू नका. विहीणबाईंना विधीला बोलवा मात्र, पुढच्या बाकावर बसवा, आणि नंतरच्या जेवणाला तांबडा-पांढरा रस्सा त्यांच्याच हातचा होऊ दे. बारशाला त्यांनी तुम्हाला मानानं पाळण्याशी उभं केलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. कोल्हापुरात चारचौघांत नको वाटलं तर तुमच्या माहेरच्या चर्चमध्येही करता येईल. 2005 पासून सावंतवाडी आणि कोल्हापूर एकाच, सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहेत. इथल्या फादरना विचारून घेतलं की झालं.

ती नाही म्हणाली, तर ते नाही आजचं आहे. चर्चच्या हिशेबात सात वर्षं पुरी झाली की मुलाला समज आली असं धरतात. त्यानंतर बाप्तिस्मा घ्यायचा तर त्याची स्वतःची इच्छा लागते, शिकणं लागतं. त्याला इच्छा व्हावी असं तोवर त्यानं काही पाहिलेलं तर असलं पाहिजे ना? ते तुम्ही उघडपणे दाखवू शकता. नाताळात येशूजन्माचा गोठा करा, त्याला गाईबैलांची मांडामांड करू द्या. कुलकुल तळताना जवळ बसवा. संध्याकाळी तुमच्या घरी जपमाळ म्हणत असाल तर तो घरात आहे म्हणून थांबवू नका. मुलीला विचारून कधी रविवारी मिस्साला घेऊन जा. बाप्तिस्मा नसलेल्या बाळाच्या कपाळावर फादर आशीर्वादाची खूण करू शकतात. मुलीनं मिस्सालाही नको म्हटलं, तर नको. उशीखाली मेडल ठेवणं, दुपट्यात क्रूस शिवणं असले उद्योगही नकोत. तो तांब्याचाच धाकटा भाऊ.

राहिला ता.क. मधला प्रश्न. हो, आजी गॉडमदर होऊ शकते. मनाई फक्त जन्मदात्या आईवडिलांना आहे. सोळा वर्षं पूर्ण, स्वतः कॅथलिक, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेलं, ख्रिस्तप्रसाद घेणारी आणि श्रद्धेनं वागणारी व्यक्ती हवी. एक असली तरी चालते, दोन घ्यायचे तर एक पुरुष आणि एक स्त्री. जावयांच्या भावाला ते होता येणार नाही, कारण त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. वायल्डर मेमोरियलला जाणारी मुलीची एखादी प्रॉटेस्टंट मैत्रीण असेल, तर कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीनं ती साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. पण मला विचाराल तर तुम्ही ती जागा घेऊ नका. तो पंधरा वर्षांचा होईल तेव्हा तुम्ही एकोणऐंशीच्या जवळ असाल, आणि त्या वयातली पोरं आजीशी सगळं बोलत नाहीत. तुमच्या माहेरच्या तिशीतल्या भाच्यांपैकी जिचं तुमच्या मुलीशी जमतं, तिचं नाव मनात ठेवा. आणि तेही आत्ता नको. मुलगी हो म्हणाली की तिलाच सुचवू दे.